हेडफोन काढा, माळ्यावरचं स्टीअरिंग उतरवा

पत्र:

ताई, मी ३८ वर्षांचा. नाशिकला राहतो, एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मला तीन नाद आहेत: हॉलमधला फिश टँक, बाल्कनीतल्या मिरच्यांच्या बारा कुंड्या आणि रात्री जेवणानंतर कॉम्प्युटरवर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’. बायको म्हणते, तिन्हींपैकी एक काहीतरी बंद करा, घरात पाय ठेवायला जागा नाही. मुलगी चौथीत आहे, ती मासे काढू देत नाही. मिरच्यांचा ठेचा सगळ्यांनाच लागतो. म्हणजे गदा गेमवर येणार. गेम तसा निरुपद्रवी. माल भरायचा, रॉटरडॅमहून म्युनिकला नेऊन टाकायचा आणि झोपायचं. (आमचे अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, २९ वर्षं. ते मागे खुर्ची टाकून बसतात आणि ‘उतारावर गिअर काढतोस कशाला’ असलं काहीतरी बोलत राहतात, म्हणून मी हेडफोन लावतो. हौसेनं घेतलेलं स्टीअरिंग टेबल हलतं म्हणून माळ्यावर टाकलंय, कीबोर्डवरच चालवतो.) तर ताई, तिन्हींपैकी काय सोडू?

– तीन नादांचा धनी

उत्तर:

मासे राहू द्या, मिरच्या राहू द्या, गेमही राहू द्या. बारा कुंड्यांच्या सात केल्यात तरी ठेचा कमी पडणार नाही, आणि जागेचं बाकी काय ते तुम्ही दोघं बसून ठरवा. वहिनींच्या तक्रारीवर मी याहून जास्त लिहिणार नाही. तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे.

एसटीत २९ वर्षं गाडी हाकलेला माणूस रोज रात्री तुमच्या मागे खुर्ची टाकून बसतो. समोर पडद्यावर रस्ता, वळणं, आरसे, माल भरलेली गाडी. तो काहीतरी बोलतो, आणि तुम्ही कानाला हेडफोन लावता! हे वाचून मला राग आला. अहो, अप्पा तिथं वेळ घालवायला बसत नाहीत, मनातल्या मनात गाडी चालवत बसतात. आज रात्री वळण जवळ आलं की मान वळवून त्यांच्या उजव्या पायाकडे बघा. तुम्ही वेग उतरवायला उशीर केलात की तो पाय फरशीवर दाबला जात असणार.

शिवाय ते सांगतात ते बरोबर आहे. उतारावर गिअर काढला की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट उतरताना किंवा कसाऱ्यात गाडी खाली आणताना कुठलाही जाणता ड्रायव्हर आधी गिअर खाली टाकतो, ब्रेक मग. तुमच्या गेममध्येही हेच चालतं. वीस टनांचा लोड घेऊन न्यूट्रलमध्ये उतरलात की गाडी वेग पकडते, आणि पुढच्या वळणावर ट्रेलर आडवा होतो. तुमचे ट्रेलर उलटत असतील तर त्याचं कारण मागच्या खुर्चीवरून तुम्हाला रोज फुकट सांगितलं जातंय.

तेव्हा येत्या शनिवारी स्टीअरिंग खाली उतरवा, नीट बसवा आणि अप्पांना गाडी द्या. माझा सल्ला एवढाच. पुढचं सगळं ते नीट कसं बसवायचं याचं आहे, कारण घाईत बसवलंत तर पहिल्या पाच मिनिटांत ते ‘खेळणं आहे’ म्हणून उठतील आणि पुन्हा हात लावणार नाहीत.

टेबल हलतं ते स्टीअरिंगच्या चाकातल्या मोटरमुळे. रस्त्याचे धक्के दाखवायला ती चाकाला उलटा जोर देते आणि हलकं कॉम्प्युटर टेबल त्या जोराला पुरत नाही. टेबलाची मागची कड भिंतीला टेकवा, मध्ये जुन्या टायर-ट्यूबची पट्टी घाला. पुढच्या कडेला बीडिंग असेल तर चाकाचा क्लॅम्प तिरका बसतो आणि कितीही आवळला तरी सुटतो. अशा वेळी अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा तुकडा दोन सी-क्लॅम्पनी टेबलावर घट्ट बसवा आणि चाक त्या प्लायवर आवळा. सेटिंगमध्ये धक्क्यांचा जोर निम्म्यावर आणा. अप्पांच्या मनगटालाही तेवढाच झेपेल.

पेडल. आपल्याकडे फरशी असते. पेडलच्या खालचे दाते गालिच्यावर रुततात, फरशीवर नाही. ब्रेक दाबला की अख्खा संच पुढे पळतो. अडीच-तीन फुटांची फळी घ्या, तिच्या एका टोकाला पेडलचा संच ठेवा आणि दुसऱ्या टोकावर खुर्चीचे पुढचे पाय येऊ द्या. मग बसणाऱ्याच्या वजनानंच सगळं जागेवर राहतं. बहुतेक संचांना खालून बोल्टसाठी आट्यांची भोकं असतात, फळीला आरपार भोक पाडून बोल्टही मारता येईल. खुर्ची मात्र चार पायांची साधी लाकडी हवी. चाकांच्या खुर्चीवर ब्रेक दाबला की माणूस मागे जातो, आणि त्या वयात ते धोक्याचं आहे.

अशा बऱ्याच संचांत ब्रेकच्या पेडलमागे रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे तो फार कडक लागतो. अप्पांचा पाय हवेच्या ब्रेकवर तयार झालेला, हलक्या दाबाचा. त्यांना वाटेल ब्रेक लागतच नाहीयेत. पेडल उघडून ठोकळा काढता येतो, पण आधी गेममधल्या ब्रेकच्या तीव्रतेची पट्टी वाढवून बघा. बहुतेक तेवढ्यानं भागतं.

चाकाचा प्लग लावल्यावर ते आपोआप दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून मधे येतं. हे अप्पांना आधी सांगा आणि तेव्हा हात लावू देऊ नका. तुमचं चाक ९०० अंशांचं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण ९०० ठेवा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. बसचं चाक याच्या जवळजवळ दुप्पट मोठं आणि फेरेही बरेच जास्त. म्हणून सुरुवातीला अप्पा चाक जास्त कापतील आणि गाडी पट्ट्याबाहेर जाईल. ‘नॉन-लिनिॲरिटी’ची पट्टी शून्यावर आणा, म्हणजे हात जेवढा फिरेल तेवढीच गाडी वळेल. वळणावर कॅमेरा आपोआप फिरतो ती सोय बंद करा. पडदा एकीकडे आणि हात दुसरीकडे झाला की चक्कर येते, मळमळतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही त्यांना रॉटरडॅमला बसवू नका. तिथं गाडी उजवीकडून चालते. ज्याचा हात २९ वर्षं डावी बाजू धरून चालला, त्याला पहिल्याच चौकात समोरून ट्रक आला की तो घाबरेल. अप्पांसाठी वेगळं प्रोफाइल उघडा आणि मुख्यालय (गेममधल्या कंपनीचं ठाणं) ब्रिटनमध्ये घ्या: बर्मिंगहॅम, मँचेस्टर, एडिंबरा, काहीही चालेल. मूळ नकाशात ही शहरं आहेत, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तिथं रहदारी आपल्यासारखी डावीकडून. स्वतःची गाडी घेताना इंटिरिअरच्या यादीत स्टीअरिंग उजव्या बाजूचं निवडा. वेग मैलांत दिसत असेल तर सेटिंगमध्ये किलोमीटर करा. दंडाची सोय पहिला आठवडा बंद ठेवा, दमणुकीची तर कायमची. आरसे कीबोर्डवरच्या एफ-२ नं पडद्यावर आणून ठेवा, ते त्यांना सतत लागतील.

गिअर पहिल्या दिवशी ऑटोमॅटिकवर. ते कुरकुरतील, डावा पाय क्लच शोधत राहील, डावा हात दांडा शोधेल. दोन दिवसांनी चाकामागच्या पाकळ्यांनी गिअर बदलायला द्या. गिअरचा दांडा वेगळा विकत मिळतो, तो महिनाभरानं घ्या, त्यांनी मागितला तर. आणि ट्रेलर लावून मागे घेणं शेवटी ठेवा. बस मागे घेताना चाक वळवाल तिकडेच मागची बाजू जाते, ट्रेलर मात्र उलट्या बाजूला जातो. इथं भलेभले ड्रायव्हर अडकतात. माल पोचवल्यावर ट्रेलर स्वतः लावायचा की नाही हे गेम विचारतो, तिथं ‘नाही’ म्हणा. किंवा ट्रेलरच नको, नुसती गाडी घेऊन फिरू द्या.

चष्म्याचं बघा. दुहेरी भिंगाचा असेल तर अडीच फुटांवरचा पडदा दूरच्या भिंगातूनही नीट दिसत नाही आणि जवळच्यातूनही नाही, मग माणूस मान वर करून बघतो आणि अर्ध्या तासात मान धरते. पडदा थोडा लांब आणि डोळ्यांच्या रेषेत घ्या. तरीही जमलं नाही तर चष्म्याच्या दुकानात पडद्याचं अंतर सांगून त्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या.

अप्पांच्या आवडीची गाणी डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात ‘म्युझिक’ नावाचं फोल्डर आहे त्यात टाका. कॅबिनमधल्या रेडिओवर ती लागतात. भारतातले रस्ते आणि बस आणणारे मॉड (गेममध्ये बाहेरून घालायच्या जोडण्या) मिळतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण ते इतक्यात घालू नका. गेमची आवृत्ती आणि मॉडची आवृत्ती जुळली नाही तर गेम मधेच बंद पडतो, आणि अप्पांना वाटेल आपणच काहीतरी मोडलं.

हेडफोन नकोत, स्पीकर लावा. रात्री अकरानंतरही नको. शनिवारी दुपारी चहा झाल्यावर बसवा, मुलीला घरी ठेवा. तिला सांगा, अप्पा खुर्चीवर बसले आणि इंजिन सुरू झालं की डबल बेल द्यायची: दोनदा ‘टिंग’. ते विचारतील तुला कोणी शिकवलं. सांगू दे तिला काय सांगायचं ते. तुम्ही त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसा आणि तोंड मिटून बसा. गाडी कठड्याला लागली, सिग्नल तुटला, काहीही झालं तरी एक शब्द नाही. त्यांनी विचारलं तरच बोला. आणि तुम्हाला विचारायचंच असेल तर हे विचारा: पहिली ड्युटी कुठल्या मार्गावर लागली होती? मुक्कामी गाडी कुठं थांबायची? घाटात ब्रेकची हवा कधी कमी झाली होती का, आणि तेव्हा काय केलंत? हात चाकावर असला की माणूस बोलतो. खाटेवर बसवून विचारलंत तर ‘काही नाही रे’ म्हणतील.

ब्रिटनमध्ये महिनाभर चालवून हात बसला की त्यांना एकदा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला न्या. तिथं गाडी उजवीकडून चालते, पण डोंगर आहेत. लोड भरा, मोठ्या उताराच्या रस्त्यावर आणा आणि चाक त्यांच्या हातात द्या.

माळ्यावरून खोकं काढाल तेव्हा चाकाचा अडॉप्टर त्यातच आहे का ते आधी बघा. तो नसला तर चाक आपोआप फिरणारच नाही, आणि तो नेमका दुसऱ्याच कुठल्या तरी पिशवीत जातो. शुक्रवारी रात्रीच शोधून ठेवा.