रात्रीचा वर्ग बंद करा

इंदूरच्या रामबागेतून एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. मुलगा बी.कॉम., यूट्यूबवर बघून प्रोग्रॅमिंग शिकला, विजय नगरच्या एका छोट्या कंपनीत काम करतो. क्लॉथ मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यासाठी त्यानं दोन याद्या टॅली करणारा प्रोग्रॅम लिहिला. याद्या वाढल्या तसा तो हँग व्हायला लागला. तेव्हापासून वडील त्याला रोज जेवणानंतर बारावीच्या गणिताला बसवतात, आणि नोकरी सोडून एमसीए कर म्हणतात.

काका, तुमच्या पत्रात आतेभावाच्या मुलाचं पॅकेज तीनदा आलंय. तुमचा मुलगा काय म्हणतो, ते एकदाही नाही. मला काळजी वाटली ती याची, बी.कॉम.ची नव्हे. दिवसभर राबून आलेल्या 24 वर्षांच्या मुलाची वही तपासायची, चुकलं की आईसमोर ‘जुगाडू’ म्हणायचं, आणि वर तो आपल्याला बघून लॅपटॉप मिटतो अशी तक्रार करायची! मिटणारच की.

आता गणित. प्रोग्रॅमरचं गणित म्हणजे इंटिग्रेशन, हा तुमचा गैरसमज. (पुढे मशीन लर्निंगकडे वळला तर कॅल्क्युलस लागेल, ते तेव्हा.) त्याला आधी हवं ते डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, म्हणजे सुट्या गोष्टींचं गणित: तर्क, संच, मोजणी, इंडक्शन (पायरीपायरीनं सिद्ध करणं), ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं). तो हँग झालेला प्रोग्रॅमच घ्या. समजा, दोन्ही याद्यांत 50,000 नोंदी आहेत. पहिलीतली प्रत्येक नोंद दुसरीत वरून खाली शोधत गेलं, तर तुलना 250 कोटींपर्यंत जातात. दुसरी यादी आधी क्रमानं लावली आणि दर वेळी मधली नोंद बघून नको तो अर्धा भाग सोडून दिला, तर एका नोंदीला जास्तीत जास्त 16 तुलना, सगळ्या मिळून 8 लाख. क्रम लावायला लागणारा वेळ धरूनही प्रोग्रॅम हँग व्हायचं कारण उरत नाही. हे 16 कुठून आले, ते त्याचं त्याला काढू द्या. त्याच्या कामाचं गणित तिथून सुरू होतं.

एमसीएसाठी एनआयटीत जायचं तर निमसेट ही प्रवेश परीक्षा, आणि तिला पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र लागतं. आधी मार्कशीट बघा. नोकरी सांभाळून शिकायचं तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधला ऑनलाइन बी.एस. हा पदवी अभ्यासक्रम आहे, पहिल्याच टप्प्यात गणित, संख्याशास्त्र आणि पायथन. नुसता पाया हवा असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर्सच्या सरकारी उपक्रमात प्राध्यापक माधवन मुकुंद यांची अल्गोरिदमवरची (प्रश्न सोडवायच्या पायऱ्यांवरची) लेक्चर्स फुकट आहेत.

नोकरी सोडायला लावू नका. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. टाकायच्या आधी वाचायला मागू नका.