रूट ६६ची यादी आधी छाट

चि. ...,

रूट ६६ या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गावरच्या रस्त्याकडेच्या अजब ठिकाणांची तुझी यादी पाहिली. तुल्सा ते होलब्रुक, साधारण १४०० किलोमीटर, चार दिवस आणि थांबे एकवीस! त्यातले सोळा आजच खोड. ही ठिकाणं धावतपळत बघण्यात काही अर्थ नाही. जाणारी गाडी थांबावी म्हणूनच तर त्यातली बरीचशी उभी राहिली. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात १०० मीटर म्हणजे साडेचार सेकंद. तेवढ्यात नजरेत भरायचं, म्हणून सगळं अवाढव्य आणि भडक.

रूट ६६ १९८५ साली महामार्गांच्या अधिकृत यादीतून गेला, त्यामुळे नकाशा तुला आंतरराज्य महामार्गावरच ढकलणार. प्रत्येक थांबा वेगळा टाक आणि ‘महामार्ग टाळा’ चालू ठेव.

तुल्साजवळच्या कॅटूसाचा निळा देवमासा मात्र धंद्यासाठी जन्मला नाही. ह्यू डेव्हिस यांनी बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तो तळ्यात बांधला: लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर सिमेंट, लांबी सुमारे ८० फूट. बाईंना देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवायचा नाद होता. नवऱ्याने जरा जास्तच मनावर घेतलं!

टेक्सासमधल्या अमॅरिलो शहराजवळच्या कॅडिलॅक रँचला दोन तास ठेव. १९७४ साली नाकावर गाडलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या, येणारा जाणारा त्यांवर स्प्रेने रंग फवारतो. शहर जवळ येऊ लागलं तेव्हा १९९७ साली त्या उपटून सुमारे तीन किलोमीटर पश्चिमेला पुन्हा रोवल्या. स्प्रेचे डबे विमानात नेऊ देत नाहीत, अमॅरिलोतच घे, दोन पुरे. डबा मिनिटभर हलव, वारा पाठीवर घे (समोरून घेतलास तर रंग तुझ्याच तोंडावर), नळी पत्र्यापासून वीतभर लांब धर आणि हात फिरता ठेव. एकाच जागी दाबून धरलंस की ओघळ येतात. गाडीला टेकू नकोस, आधीच्या माणसाचा रंग ओला असतो. पाऊस झाला असेल तर जुने बूट घाल. रिकामे डबे तिथे टाकू नकोस. तुझं नाव संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, रुसू नकोस.

मुक्काम होलब्रुकच्या विगवॅम मोटेलमध्ये. नाव चुकलंय: विगवॅम म्हणजे घुमटासारखी झोपडी, आकार मात्र टिपीचा, म्हणजे शंकूसारख्या तंबूचा आहे. १९५० सालचे सिमेंटचे १५ तंबू. खोली आधीच ठरव. मूळ आराखडा फ्रँक रेडफर्ड यांचा. त्यांचा मोबदला असा ठरला: खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ, दहा सेंटला अर्धा तास, आणि जमलेली नाणी रेडफर्डना.

उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनात शिरलं की घड्याळ तासभर मागे जातं. तो तास इथे वापर. उजेड असताना पोच, तंबूंसमोर जुन्या गाड्या उभ्या असतात.

खोडलेली यादी परत पाठव.