हातात सुरी नसताना

प्रिय लेकरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दहावी होईपर्यंत घरातून सुरी मिळणार नाही, आणि रानातली कामं शिकवणाऱ्या प्रत्येक व्हिडिओत पहिली वस्तू सुरीच असते, म्हणून तू हात बांधून बसली आहेस. घरच्यांशी भांडू नकोस. त्यांनी तुझं काही हिरावलेलं नाही. सुरी बहुतेक वेळा चुकीची निवड झाकते. काटकी जाड निघाली, तासली. ओली निघाली, सोलली. लांब पडली, तोडली. सुरी नसली की पहिल्याच खेपेला नेमकी काटकी उचलावी लागते. आधी निवड. हे दोन शब्द या पत्रात तुला कंटाळा येईपर्यंत ऐकावे लागतील.

दोरीपासून सुरू कर. जुनं बारदान उसवलंस तर पहिले आठ दिवस त्याचाच धागा पुरेल. मग अंबाडी. भाजीतून राहून उंच वाढलेली ताटं 10 ते 15 दिवस पाण्यात बुडवून ठेवली की साल सुटते, तोच वाख. त्यासाठी जुनं पिंप घे, ओढा किंवा विहीर नको. पाणी सडतं, मासे मरतात आणि शिव्या बापाला बसतात. बांधावरचं केकताड, म्हणजे घायपात, बघून मोह होईल, पण हिरव्या पानाचा रस लागला की अंगाला आग आणि खाज सुटते. बुडाची, आपसूक वाळून कुजलेली पानं शोध. टोकाचा काटा आधी दगडाने मोड, पान लाकडावर ठेव आणि गुळगुळीत गोट्याने ठेच. खालीही दगड आणि वरही दगड असला तर गराबरोबर धागाही तुटतो.

आता वळणं. काडेपेटीच्या दोन काड्यांएवढी जाड जुडी घे. वाख ओलसर हवा, चिंब नको; चिंब वाख फुगलेला असतो, वाळल्यावर आकसतो आणि पीळ सैल पडतो. जुडी बरोबर मध्यावर दुमडू नकोस. एक बाजू वीतभर जास्त ठेव, म्हणजे दोन्ही पदरांचे जोड एकाच जागी येणार नाहीत. दुमड डाव्या चिमटीत धर. वरच्या पदराला उजव्या हाताने तुझ्यापासून लांब जाणारा पीळ दे आणि तो पिळलेला पदर दुसऱ्यावरून स्वतःकडे आण. आता दुसरा वर आला, त्याचंही तेच. पीळ एका दिशेला आणि गुंफण उलट दिशेला, म्हणून दोघं एकमेकांना अडवून धरतात आणि दोरी उकलत नाही. पदर चार बोटं उरला की नवा वाख चार बोटं आत घेऊन त्याच्याबरोबर पीळ.

पहिल्या दोऱ्या वाईटच होतील. कारण बहुधा एकच असेल: एक पदर बारीक, एक जाड. बारीक पदर जाड पदराभोवती गुंडाळत जातो, जाड सरळच राहतो आणि सगळा भार त्या एकट्यावर येतो. हे हाताचं चुकणं नव्हे, जुडी उचलतानाच चुकलेलं असतं. दोरीला 5 लिटरचा भरलेला डबा टांग, खाली पाय ठेवू नकोस. जोडावर तुटली तर जोड आखूड होता. मध्येच तुटली तर तिथे वाख कमी पडला होता.

गाठींचं एकच सांगतो. जी गाठ कापल्याशिवाय सुटत नाही, ती तू मारायचीच नाही. ओली होऊन आवळलेली निरगाठ सुरीवाल्यांना परवडते. तू सुरगाठ शीक, आणि ती डोळे मिटून सोडता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

ताडपत्री बांधताना कोपऱ्याला भोक नसेल तर आतून लिंबाएवढा गोटा ठेव, त्याच्यामागे ताडपत्री गोळा करून दोरी आवळ. आता खुंट्या. टोक काढायला सुरी लागते म्हणून तू अडली आहेस ना? अगं, आपल्या काळ्या मातीत टोकदार खुंटी तरी कुठे टिकते! पावसाळ्यात चिखलातून उपसून येते आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, त्यांत ती डुगडुगते. हातभर लांब काठी कोपरभर खोल आडवी पुर, मध्याला दोरी बांध, माती दाबून बसव. नाहीतर सरळ दगडाला बांध. दगड उलटवताना आधी काठी, मग हात. खाली विंचू असतो, कधी फुरसं.

लाकडाकडे ये. वाळलेली काटकी कट्‌कन मोडते. ओली वाकते, मोडली तरी सालीने लोंबत राहते. पावसाळ्यात जमिनीवरची काटकी भिजलेली असते, झाडात अडकून वाळलेली त्या मानाने कोरडी. जाड फांदी दोन जवळच्या खोडांत घाल आणि लांब टोकाला रेट. मोडून उसळेल त्या बाजूला तोंड ठेवू नकोस. कण्हेर, रुई आणि थोर ओळखता येईपर्यंत अनोळखी काडीने अन्न ढवळायचं नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

पेटवण्याआधी तीन ढीग लाव: काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या. पहिला ढीग दोन मुठी हवा. लोक इथेच कंजूषपणा करतात आणि मग फुंकत बसतात. तुराटी झटकन पेटते आणि झटकन संपते, बाभळीचा निखारा टिकतो, गोवरी धुमसत राहते. राखेत पुरून ठेवलेल्या गोवरीतून पुन्हा जाळ काढता आला की मला कळव. हे सगळं नांगरलेल्या मोकळ्या रानात करायचं, कडब्याच्या गंजीपासून लांब, बादली भरून आणि मोठं माणूस जवळ असताना. राखीव जंगलात आग लावायला 1927 च्या वन कायद्याने बंदी आहे. गौताळ्यात किंवा येडशीच्या अभयारण्यात गेलीस तर वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. तिथे फक्त झाडं ओळखायची. तेही कमी नाही.

तू म्हणशील, तुमच्या कमरेला असतेच की सुरी. असते. नाकारत नाही. पण ती हाती आली तेव्हा मला अंजन आणि धावडा ही झाडं वेगळी ओळखता येत नव्हती, आणि नको तितकी हिरवी लाकडं तासून फेकली गेली. ते आता परत उभं करता येत नाही. तुला सुरी देऊ नका असं मी तुझ्या घरी सांगितलं, तर तो दुष्टपणा समजू नकोस. समजलीस तरी माझं मत बदलणार नाही.

आणि 'सुरीशिवाय काय बनतं' हा प्रश्न मराठवाड्याच्या पोरीने विचारावा? ज्वारीच्या धाटाची बैलगाडी बघितली आहेस ना? सालपट सोलायचं, आतल्या मऊ गाभ्याचे, म्हणजे भेंडाचे, तुकडे करायचे, सालपटाच्या काड्या भेंडात खुपसून जोडायचं. धाट पूर्ण वाळलेलं हवं. ओलं भेंड वाळताना आकसतं आणि काडी सैल होते. सालपट ब्लेडसारखं कापतं, म्हणून दातांनी सोलू नकोस. कांड्यापाशी नखाने सुरुवात करून खाली ओढ. चार चाकांची गाडी कर आणि तिच्यावर मूठभर गहू ठेवून हातभर ओढून बघ. वाकडी गेली तर चाकांची भेंडं सारख्या जाडीची निवडली नव्हतीस.

महिनाभराने मला दोन हात लांब दोरी पाठव. पाठवण्याआधी डबा टांगून बघ, आणि तुटली असेल तर तुटलेलीच पाठव, गाठ मारून जोडू नकोस.