रायझन ७ ७७००एक्स या संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान ९५ अंशांवर जाते. कूलर बदलावा का?

व्हिडिओ रेंडर करताना तापमान ९५ अंश सेल्सियसला टेकते, एवढ्यावरून कूलर बदलण्याची घाई करू नये. पूर्ण भार असताना हा प्रोसेसर त्या मर्यादेपर्यंत वेग वाढवत राहील अशाच रीतीने एएमडीने तो घडवला आहे, आणि मर्यादा गाठताच तो स्वतःहून वेग उतरवतो. मात्र काहीही काम चालू नसताना ७०-८० अंश दिसत असतील, तर कूलर बहुधा नीट बसलेला नाही. त्याच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेली आहे का, हे आधी पाहावे. कूलर पुन्हा बसवताना प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाटाण्याएवढी पुरते. माझ्या मते बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमधील) ६५ वॉटचा इको मोड, म्हणजे प्रोसेसरचा वीजवापर मर्यादित ठेवणारी सोय, हा सर्वांत उपयोगी उपाय आहे, कारण त्यात वेग थोडाच घटतो, पण उष्णता आणि पंख्याचा आवाज दोन्ही बरेच कमी होतात.