फोन करू की मेसेज?

सप्रेम आशीर्वाद,

नवी नोकरी म्हणजे फोनमध्ये ढीगभर नवे नंबर. ते सेव्ह करताना नुसतं नाव घालू नकोस. त्या माणसाला गाठायचं कसं, तेही नावापुढेच लिही: ‘फक्त फोन, सातनंतर’, ‘मेल बघतात, व्हॉट्सॲप नाही’. कळणार कसं? पहिल्या भेटीतच विचारायचं, “तुम्हाला फोन बरा पडतो की मेसेज?” या प्रश्नाचा राग कुणाला येत नाही. न विचारता लावलेल्या व्हिडिओ कॉलचा येतो.

मुंबईत माणसाची वेळ त्याच्या लोकल गाडीवरून धरावी. सकाळी साडेआठला डोंबिवलीहून निघालेल्याचा एक हात कडीला असतो, दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेवर. त्याने फोन उचललाच, तर ‘हॅलो, हॅलो’ करण्यातच दादर येईल. त्याला मेसेज टाक, तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली की वाचेल. व्हॉइस नोट तर नकोच. इअरफोन नसेल तर त्या खडखडाटात ती कानाला लावूनही कळत नाही, आणि मोठ्याने लावली तर अख्खा डबा ऐकतो. (दुपारी एक ते चार शांतता पाळायची ती पुण्यात. इथे दुपारीच माणूस जागेवर सापडतो.)

मेट्रो ३ भुयारातून जाते. तिथल्या प्रवाशाला पाठवलेल्या मेसेजवर बराच वेळ एकच टिक राहिली तर तो टाळतोय असं समजू नकोस. मेसेज त्याच्या फोनपर्यंत गेलेलाच नसतो. दोन करड्या टिक म्हणजे पोहोचला, निळ्या म्हणजे चॅट उघडलं. काहींनी निळ्या टिक बंदच ठेवलेल्या असतात. ग्रुपमध्ये मात्र त्या बंद करता येत नाहीत. त्यावरून कुणाला जाब विचारू नये.

‘हाय’ लिहून वाट बघत बसणं हा कामाच्या मेसेजमधला सगळ्यात वाईट खोडा. समोरचा ‘बोला’ म्हणेपर्यंत अर्धा दिवस जातो. पहिल्याच मेसेजमध्ये आपलं पूर्ण नाव, नंबर कुणी दिला, काम काय आणि उत्तर कधीपर्यंत हवं, एवढं सगळं यावं. चूक राहिली तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते.

साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यांना एसएमएसच करावा लागतो, आणि तिथे मराठी महाग पडते. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात: ‘नमस्कार’ दिसायला चार अक्षरी, मोजणीत सात. ७१वं चिन्ह आलं की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकात ६७च मावतात, कारण तुकडे जोडण्याची माहितीही तिथेच बसवावी लागते. पैसेही दोन एसएमएसचे. तेव्हा नमस्कार फोनवर, एसएमएसमध्ये फक्त पत्ता आणि वेळ.

पैसे, तारखा, रजा यांसाठी मेल. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’ लिहून काहीच कळत नाही. ‘जूनचं हजेरीपत्रक, बुधवारपर्यंत सही हवी’ असं लिही. जीमेलमध्ये जोडलेली फाइल २५ एमबीच्या वर गेली की तिची ड्राइव्हची लिंक होते. परवानगी द्यायची राहिली तर साहेबांकडून फाइल उघडण्याची विनंती येते, आणि ती शुक्रवारी संध्याकाळीच येते. सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत, ३० सेकंदांवर ठेव. मुळात ते पाचच असतात.

घाईचं काम, वाईट बातमी किंवा गैरसमज असेल तर सरळ फोन. आधी “दोन मिनिटं आहेत का?” विचार. उचलला नाही तर पुन्हा पुन्हा वाजवू नकोस, कामाचा मेसेज टाकून थांब. बोलणं झाल्यावर जे ठरलं ते दोन ओळींत पाठव, म्हणजे पुढे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ निघत नाही.

तुला स्वतःला काय चालतं, तेही मेलच्या सहीखाली लिहून ठेव: ‘फोन ११ ते ६, एरवी मेसेज’. घरच्यांना मात्र ही पाटी दाखवू नकोस. आईला ‘पोहोचले’ किंवा ‘पोहोचलो’ एवढ्या मेसेजने भागत नाही, आवाज लागतो. तिची मालिका संपल्यावर लाव.