पहिल्या रिमांडला उभी राहताना

शिवाजीनगर कोर्टात रिमांडला, म्हणजे पोलीस आरोपीची कोठडी मागतात तेव्हा, पहिल्यांदा आरोपीच्या बाजूने उभी राहणार आहेस ना? मग भाषण पाठ करण्यापेक्षा कागद बघ. अटकेची वेळ काय लिहिली आहे आणि घरचे काय सांगतात, पोराला चौकीत नेलं कधी? अटकेपासून 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) न्यायाधीशांपुढे हजर करायचं, ही घटनेच्या कलम 22 मधली मुदत पुष्कळदा तिथेच निसटते. अटकेची कारणं लेखी दिली का, तेही विचार. मारहाण झाली असेल तर आरोपीला स्वतःच्या तोंडून न्यायाधीशांना सांगू दे आणि ते नोंदवून घ्यायला लाव.

जामीन फेटाळला तरी डायरी मिटू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 187 प्रमाणे, गुन्हा बघून 60 किंवा 90 दिवसांत चार्जशीट आली नाही, तर जामीन हा हक्कच आहे. मोजायचं पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून, अटकेपासून नाही. अर्ज मात्र चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे, नाहीतर हातचा गेला. म्हणून मुदत संपली की कोर्ट उघडताच हजर.

‘गुन्हेगारांना का सोडवतेस?’ असं सोसायटीत विचारतीलच. मी तरी वाद घालत नाही. आणि फीचं आधीच बोलून घे, येरवड्याबाहेर आलेला पक्षकार फोन उचलत नाही.