वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या कणांवरचे बंद कवच

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते. प्रकल्पासाठी सायट्रेटच्या पद्धतीने सोन्याचे सुमारे 20 नॅनोमीटरचे कण केले. द्राव छान लाल आला. मात्र सिलिकेच्या कवचासाठी तो अल्कोहोलात ओतताच जांभळट-निळा पडतो. पुढे पीव्हीपी (कणांवर बसून त्यांना वेगळे ठेवणारे बहुवारिक) वापरून कवच बसले, तर सोने उत्प्रेरकाचे काम करते का, या चाचणीत बोरोहायड्राइड (क्षपण करणारे संयुग) घालूनही त्या कणांनी 4-नायट्रोफेनॉलचा पिवळा रंग तासाभरातही घालवला नाही. चूक कोठे होते?

उत्तर : आपल्या पहिल्या अडचणीवर पीव्हीपीने उपाय केलेलाच आहे. सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण पाण्यात परस्परांपासून दूर राहतात. अल्कोहोलात हे प्रतिकर्षण दुबळे होऊन ते एकमेकांना चिकटतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारा लाल द्राव निळा दिसू लागतो. असा द्राव पुन्हा लाल करण्यात दिवस घालवू नयेत.

खरी अडचण दुसरी आहे, आणि ती समजून घेतली तर आपला प्रकल्प चांगला होईल. अल्कोहोल, अमोनिया आणि टीईओएस (ज्यातून सिलिका तयार होते ते द्रवरूप संयुग) यांपासून सिलिका करण्याची स्टोबर व सहकाऱ्यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत घट्ट कवच देते. उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत वाळूचा साचा भरताना पाहिले असेल, तर कारागीर त्यात बारीक सळईने भोके पाडतो हे आठवेल. वायूला वाट मिळाली नाही, तर ओतीवात पोकळ्या राहतात. आपल्या कवचाला अशी वाटच नाही, म्हणून सोने आत सुरक्षित असूनही नायट्रोफेनॉलचा रेणू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

यासाठी कवच सीटॅबच्या (धन भार असलेला, साबणासारखा पदार्थ) उपस्थितीत, पाण्यात चढवावे. सोन्याचा द्राव सीटॅबच्या भरपूर द्रावणात, ढवळत राहून, थोडा थोडा सोडावा. उलट क्रमाने, म्हणजे सोन्यात सीटॅब थेंबाथेंबाने घातले, तर मध्येच कणांवरचा भार शून्यावर येऊन ते चिकटतात. जास्तीचे सीटॅब काढून सोडियम हायड्रॉक्साइडने सामू (पीएच) 10 ते 11 च्या दरम्यान आणावा आणि टीईओएस तीन हप्त्यांत, अर्ध्या अर्ध्या तासाने द्यावे. सगळे एकदम ओतले, तर सोन्याचा गाभा नसलेल्या सिलिकेच्या गोळ्याच जास्त तयार होतात. दिवसभर ढवळल्यावर सीटॅबच्या पुंजक्यांभोवती सिलिका घट्ट होते. ते पुंजके अमोनियम नायट्रेट मिसळलेल्या, सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या अल्कोहोलने धुऊन काढले, की दोन-तीन नॅनोमीटरची छिद्रे मोकळी होतात. ही धुलाई दोन-तीनदा करावी, कारण बहुतेकांचा प्रयोग येथेच अडतो.

नंतर बोरोहायड्राइड ताजे विरघळवून 400 नॅनोमीटरवरील शोषण, म्हणजेच पिवळा रंग, कमी होते का ते पाहावे. फक्त बोरोहायड्राइड आणि सोन्याविना सिलिका या दोन्ही तुलना त्याच दिवशी घ्याव्यात. बोरोहायड्राइडचे द्रावण अल्कधर्मी असल्याने सिलिका हळूहळू विरघळते, त्यामुळे तेच कण अनेक फेऱ्या वापरून निष्कर्ष काढू नयेत.

एवढी खटपट का करावी, असे कुणी विचारले तर प्लॅटिनमचे उदाहरण द्यावे : 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सच्छिद्र सिलिकेच्या कवचातील सुमारे 14 नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण 750 अंश सेल्सिअसपर्यंत टिकून राहिले. उघडे कण तापताना एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उत्प्रेरकाचा पृष्ठभाग घटतो.

प्रश्न : निपाणीहून : वापरलेला उत्प्रेरक चुंबकाने गोळा करता येईल का?

उत्तर : येईल. गाभा मॅग्नेटाइटचा (चुंबकाकडे ओढले जाणारे लोखंडाचे ऑक्साइड) घ्यावा. फेरिक व फेरस क्षार 2:1 प्रमाणात घेऊन, हवेचा संपर्क टाळून अमोनिया घातला की काळा साका मिळतो. आम्लात तो विरघळतो, म्हणून येथे घट्ट सिलिकाच हवी. खानापूरच्या विद्यार्थिनीला नको असलेले कवच आपल्याला उपयोगी आहे. त्यावर उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम धातूचे बारीक कण बसवले, की बाटलीच्या काचेला बाहेरून चुंबक लावून द्राव ओतून घेता येतो आणि कण काचेलाच चिकटून राहतात.